अपघातात आपलीही चूक असेल तर भरपाई मिळते का?

"तुमनी बी चूक शे, आते काय भेटी?" साक्री-शिरपूर भागातल्या जखमींच्या घरी हे इतकं ऐकलंय की आता चीड येते. कुणीतरी दवाखान्यात येऊन असं बोलून जातं आणि लोक दावाच लावत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ च्या दाव्यात तुमची चूक निघाली, तर तेवढ्या टक्क्यांची रक्कम कापली जाते. दावा बुडत नाही. नुकसान ८ लाखांचं ठरलं आणि तुमची चूक २५ टक्के धरली, तर ६ लाख मिळतात.

हा टक्का ठरवताना घटनास्थळाच्या पंचनाम्याला फार वजन असतं. ट्रक कुठल्या बाजूला, मोटारसायकल रस्त्याच्या मध्यापासून किती अंतरावर, टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठे, हे सगळं त्यात हवं. पण त्या वेळी घरचे सगळे दवाखान्यात धावलेले असतात. नंतर नक्कल हाती येते, तेव्हा त्यात "समोरासमोर धडक" एवढंच. ती ओळ पुसायला पुढे वर्ष जातं. म्हणून गाड्या हलवण्याआधी कुणाला तरी फोटो काढायला सांगा, आणि जबाब वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका.

मोटारसायकलवर तिघे बसले होते किंवा लायसन्स नव्हतं, एवढ्यावरून कपात होत नाही. त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली, हे समोरच्याने दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने लायसन्सबाबत २००८ साली आणि तिघांबाबत २०२० साली हे सांगितलंय. मागे बसलेल्याच्या रकमेतून तर चालवणाऱ्याची चूक कापतच नाहीत.

चूक कुणाची या वादात पडायचंच नसेल, तर कलम १६४ आहे : मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण नुकसान मोठं असेल, तर हा रस्ता धरण्याआधी वकिलाकडून हिशेब करून घ्या.

सगळ्यात जास्त लोक मुदतीत अडकतात. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ ला ६ महिन्यांची मुदत आहे, आणि ती अपघाताच्या दिवसापासून मोजतात. डिस्चार्जपासून नाही, दोषारोपपत्रापासूनही नाही. ती टळली असेल तरी घरी बसू नका, लगेच वकिलाला भेटा.

अपघात सुरतेला झाला आणि घर नंदुरबारला असेल, तर दावा नंदुरबारच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही, म्हणजे हे दावे चालतात त्या कोर्टातही, लावता येतो. गुजराती एफआयआरचं भाषांतर तेवढं आधी करून ठेवा. बाकी आधार, बँक पासबुक, विमा पॉलिसीची नक्कल नेहमीचीच.

केळी कापणीच्या मजुराकडे पगाराची चिठ्ठी कुठून असणार? मजुरी देणाऱ्या बागवानाला साक्षीला आणा. अपंगत्वाचा दाखला नुसता जोडून भागत नाही, तो देणाऱ्या डॉक्टरचीही साक्ष लागू शकते. आणि मेडिकलची बिलं आजच झेरॉक्स करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली बिलं एका माउलीने कोर्टाच्या ओट्यावर माझ्यासमोर उलगडली, तेव्हा अर्ध्याअधिक कागदांवरची शाई उडून गेली होती.