पाच दिवसांचं काम चार दिवसांत खरंच होतं का?

चार दिवसांच्या आठवड्याचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते लोक फ्रेश राहतात आणि काम तेवढंच होतं, दुसरी म्हणते हे सगळे कामचुकारांचे चोचले, आणि मग दोन्हीकडून तेच तेच आकडे एकमेकांच्या अंगावर फेकले जातात. पण या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न चक्क मोजता येण्यासारखा आहे, तास वाढवत नेले तर काम कुठपर्यंत वाढतं आणि कुठून पुढे वाढायचं थांबतं? हे लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच मोजायला सुरुवात केली होती, आणि जे उत्तर मिळालं ते दोन्ही पार्ट्यांना थोडं थोडं टोचणारं आहे.

अर्न्स्ट आब्बे हे नाव भौतिकशास्त्र शिकलेल्यांना माहीत असेल, मायक्रोस्कोपखाली जास्तीत जास्त किती बारीक दिसू शकतं याची मर्यादा सांगणारं सूत्र त्याचं. पण हाच माणूस जर्मनीतल्या येना शहरात झाइसचा भिंगांचा कारखानाही चालवत होता, आणि १९०० साली त्याने कामाचा दिवस ९ तासांवरून ८ वर आणला. आता हा पडला मोजमापवाला, त्यामुळे 'लोक खूश दिसतायत' एवढ्यावर त्याचं समाधान होणं शक्यच नव्हतं. कारखान्यात बऱ्याच जणांना नगावर मजुरी मिळायची, जेवढे नग तेवढे पैसे, म्हणजे ताशी कमाई बघितली की ताशी काम किती झालं ते आपोआप कळतं. त्याने २३३ कामगारांची आधीच्या वर्षाची आणि नंतरच्या वर्षाची ताशी कमाई शेजारी शेजारी मांडली. गणित साधं आहे, ९ चे ८ तास केले आणि काम तेवढंच हवं असेल तर वेग साडेबारा टक्के वाढायला पाहिजे. तो वाढला १६.२ टक्के! म्हणजे रोजचा एक तास कमी करून दिवसाचं एकूण काम उलट ३ टक्क्यांच्या आसपास वाढलंच.

मग आलं पहिलं महायुद्ध. ब्रिटनमधले दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालू, आठवड्याला साठ-सत्तर तास काम आणि रविवारचीही सुट्टी नाही, कारण 'देशाला गरज आहे' म्हटल्यावर कोण बोलणार. सरकारने १९१५ साली कामगारांच्या तब्येतीसाठी एक समिती नेमली आणि तिच्या तपासनिसांनी कोण किती तास काम करतंय आणि त्यात किती माल निघतोय याच्या नोंदी ठेवल्या. शंभरेक वर्षांनी जॉन पेन्काव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने त्याच नोंदी आजच्या सांख्यिकीने परत तपासल्या. त्याला दिसलं ते असं, की आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तास आणि माल बरोबरीने वाढतात, त्यापुढे प्रत्येक जास्तीच्या तासाला मिळणारा माल कमी कमी होत जातो, आणि ७० तासांत निघालेला माल ५६ तासांतल्या मालापेक्षा फारसा जास्त नसतो. म्हणजे वरचे १४ तास जवळजवळ पाण्यात. माणूस मशीनपाशी उभा आहे, दिवा जळतोय, कोळसा जळतोय, आणि हातात काहीच पडत नाहीये. रविवारची सुट्टी काढून घेतल्याचा फटकाही त्या नोंदींमध्ये दिसतो तो वेगळाच.

असं का होतं? शरीर थकतं हे तर उघडच आहे, पण डोकं थकतं म्हणजे नेमकं काय होतं हे आत्ता आत्ता थोडं कळायला लागलंय. २०२२ साली पॅरिसच्या एका टीमने काही लोकांना सहा तासांहून जास्त वेळ डोक्याला ताण देणारी कामं दिली आणि दुसऱ्या गटाला तशाच पण सोप्या आवृत्त्या दिल्या. अवघड कामवाल्यांच्या कपाळामागच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, ग्लुटामेट नावाचं रसायन जास्त साचलेलं दिसलं आणि ते लोक निर्णय घेताना 'थांबून जास्त' सोडून 'आत्ता थोडं' निवडायला लागले. हा एकच अभ्यास आहे, त्यावर इमले बांधू नयेत, पण संध्याकाळी सातला घेतलेले ऑफिसचे निर्णय आठवून बघा.

आणि खरी गोची वेगळीच आहे, आपण थकलोय हे आपल्याला नीट कळतच नाही. २००३ च्या झोपेवरच्या एका प्रसिद्ध प्रयोगात लोकांना दोन आठवडे रोज रात्री सहाच तास झोपू दिलं. शेवटी शेवटी चाचण्यांमध्ये त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती, आणि हे लोक मात्र आपल्याला थोडीशीच झोप येतेय असं सांगत होते. म्हणून 'मी बारा बारा तास काम करतो, मला काही होत नाही' हे वाक्य पुरावा म्हणून मी तरी धरत नाही. शिकाऊ डॉक्टरांवरचा २००४ चा अमेरिकन अभ्यास बघा, सलग २४ तास आणि त्याहून मोठ्या ड्यूट्या करणाऱ्यांच्या हातून, ड्यूटी छोटी केलेल्यांपेक्षा ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून हिशोब मांडला, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांच्या मानाने पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त.

इथवर वाचून चार दिवसवाली पार्टी खूश झाली असेल, पण थांबा. हे सगळे आकडे आहेत पन्नास तासांच्या आसपासचे किंवा वरचे. आजचा वाद आहे ४० वरून ३२ वर यायचा, आणि पेन्काव्हेलच्या आलेखात हा पट्टा त्या सरळ रेषेतला आहे, जिथे तास कमी केले की माल त्या प्रमाणात कमी होतो. ४० चे ३२ केले तर काम तेवढंच ठेवायला ताशी वेग २५ टक्के वाढवावा लागेल, आब्बेला मिळाले होते सोळा, तेही आठवड्याचे सहा दिवस धरून चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर येऊन. नुसती दमणूक कमी झाली म्हणून हे पंचवीस टक्के मिळतील असं मला वाटत नाही.

मग ब्रिटनमधल्या चार दिवसांच्या आठवड्याच्या प्रयोगात ते जमलं कसं? २०२२ साली जून ते डिसेंबर ६१ कंपन्या, २९०० च्या आसपास कर्मचारी, पगार पूर्ण आणि तास कमी. संपल्यावर ५६ कंपन्यांनी प्रयोग पुढे चालू ठेवला, ७१ टक्के लोकांनी बर्नआउट, म्हणजे कामाने पार पिचून जाणं, कमी झाल्याचं सांगितलं, आणि नोकरी सोडून जाणारे निम्म्याहून कमी झाले. याचं उत्तर माझ्या मते मेंदूत कमी आणि कॅलेंडरमध्ये जास्त आहे. त्या कंपन्यांनी मीटिंगा छाटल्या, उगाच सगळ्यांना सीसी करणं बंद केलं, कोणाला कधी डिस्टर्ब करायचं नाही ते ठरवलं. ऑफिसच्या कामात बराच वेळ खुर्ची उबवण्यात आणि पाट्या टाकण्यात जातो हे सगळ्यांनाच माहीत असतं, शुक्रवार गेला म्हटल्यावर तो वेळ आधी कापला जातो. आता कोणी म्हणेल मीटिंगा तर पाच दिवस ठेवूनही छाटता आल्या असत्या. आल्या असत्या, पण छाटतं कोण?

या प्रयोगांत कच्चे दुवे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. कंपन्या स्वतःहून आलेल्या, म्हणजे ज्यांना जमेल असं वाटत होतं त्याच. कर्मचाऱ्यांना माहीत की निकाल चांगला आला तर सुट्टी टिकणार. आणि 'कसं वाटतंय' हे विचारायचं त्यांनाच. २०२५ मध्ये नेचर ह्युमन बिहेव्हियर या जर्नलमध्ये सहा देशांतल्या १४१ संस्था आणि २८९६ कर्मचाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात निदान तुलनेला बदल न केलेल्या १२ कंपन्या होत्या, आणि ज्यांचे तास जास्त कमी झाले त्यांची तब्येत जास्त सुधारली असंही दिसलं. हा पुरावा आधीपेक्षा बरा आहे. पण त्यातही मोजलंय ते थकवा, समाधान, झोप, तब्येत हे, तेही लोकांनीच सांगितलेलं. औषधाची चाचणी करतात तशी एकाच कंपनीच्या शाखा चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि वर्षभर दोन्हीकडचं काम मोजलं तर मजा येईल.

आइसलँडचं नाव या वादात हमखास येतं आणि बहुतेक वेळा चुकीचं येतं. तिथे २०१५ ते २०१९ मध्ये अडीच हजार लोकांवर झालेला प्रयोग हा ४० तासांवरून ३५-३६ वर यायचा होता, अख्खा दिवस सुट्टीचा नाही. बेल्जियमने २०२२ साली दिलेला हक्क तर आठवड्याचे तेच तास चार दिवसांत कोंबायचा. यात सुट्टी मिळते हे खरं, पण दमणुकीच्या विज्ञानाच्या बरोबर उलट दिशेला आहे हे, कारण आठ तासांच्या पाळीच्या तुलनेत दहा तासांच्या पाळीत अपघाताचा धोका सुमारे १३ टक्के आणि बारा तासांच्या पाळीत सुमारे २८ टक्के जास्त निघालाय. डेस्कवर बसणाऱ्याला चालून जाईल, क्रेन चालवणाऱ्याला नाही.

आणि मीटिंगा छाटायची युक्ती जिथे चालतच नाही अशी कामं उरतात. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या स्वार्तेदालेन वृद्धाश्रमात २०१५-१६ मध्ये नर्सेसना पूर्ण पगारात सहा तासांचा दिवस दिला. आजारपणाच्या रजा कमी झाल्या, म्हाताऱ्यांना जास्त वेळ मिळाला, सगळं छान. पण आजोबांना रात्री दोनला उठवून बसवायचं काम 'लवकर उरकून' कमी तासांत होत नाही, तिथे कोणीतरी हजर असावंच लागतं, म्हणून जास्तीची माणसं घ्यावी लागली. त्या खर्चातला काही भाग रजा कमी झाल्याने परत आला, सगळा नाही. प्रयोग ठरल्याप्रमाणे दोन वर्षांनी संपला आणि नर्सेस परत आठ तासांवर गेल्या.