कार्टूनमधली चित्रं कॉम्प्युटर आपोआप काढतो का?

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो, "ॲनिमेशनला जायला ड्रॉइंग यायची गरज नाही, सगळं कॉम्प्युटर आपोआप काढतो."

असं वाटणं साहजिक आहे, स्क्रीनवर फक्त पळणारं पात्र दिसतं, मागचा हात दिसतच नाही. पण खरं काय होतं, तर आर्टिस्ट आधी मुख्य पोझेस ठरवतो, त्यांना की-फ्रेम म्हणतात, आणि मधलं अंतर सॉफ्टवेअर गणिताने भरतं. उडी मारायच्या आधी माणूस गुडघ्यात वाकतो, उतरल्यावर थोडा दबतो, हे त्या गणिताला कळत नाही, ते माणसालाच बसवावं लागतं. थ्रीडीत प्रत्येक फ्रेम हाताने काढत नाहीत हे बरोबर, पण पोझ कळायला नजर तीच लागते. आणि एआय क्लिप बनवतं हेही खरंय, फक्त ते शिकलंय माणसांनी बनवलेल्या ढीगभर चित्रांवर आणि व्हिडिओंवरच.

स्वतः बघायचंय? लॅपटॉपवर यूट्यूबला हाताने काढलेलं जुनं कार्टून लावा, पॉज करा आणि फुलस्टॉपचं बटण दाबत रहा, एकेक फ्रेम पुढे सरकेल. बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम तसंच राहतं, कारण सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी चित्रं अनेकदा १२च काढतात. जोरात वळणाऱ्या पात्राचा चेहरा मध्येच एखाद्या फ्रेमला ओढल्यासारखा लांबट दिसेल, ती चूक नाही, वेग जाणवावा म्हणून कुणीतरी मुद्दाम तसा काढलाय.

मुलाला यात जायचं असेल तर महागड्या लॅपटॉपच्या आधी अप्पा बळवंत चौकातून एक स्केचबुक आणा.