एलएम३५ की एलएम३३५? संगोपनगृहाच्या गजरासाठी निवड

बीड-जालना भागातल्या रेशीम संगोपनगृहात अळ्या शेवटच्या अवस्थेत असताना तापमान ३० अंशांपलीकडे गेले, तर त्यांचे पाला खाणे मंदावते. भर दुपारी लाइट गेलेली असतानाही फॉगर (पाण्याचे बारीक तुषार सोडून गारवा देणारे यंत्र) बंद पडल्याचे कळावे, म्हणून तापमानाचा गजर सेलवर चालणाराच हवा. असा गजर जोडताना एलएम३५ आणि एलएम३३५ या तापमान मोजणाऱ्या दोन सेन्सर चिपांची हमखास गल्लत होते, कारण दोन्ही तीन पायांचे, सारख्याच काळ्या आकाराचे असून दोन्हींचे व्होल्टेज अंशामागे १० मिलिव्होल्टने वाढते.

मात्र एलएम३५ सेल्सिअसमध्ये मोजतो आणि एलएम३३५ केल्विनमध्ये. त्यामुळे ३० अंशांना पहिल्याकडून ०.३ व्होल्ट मिळतात, तर दुसऱ्याकडून सुमारे ३.०३ व्होल्ट. कंपॅरेटर ही चिप सेन्सरच्या व्होल्टेजची एका ठरावीक संदर्भ व्होल्टेजशी तुलना करून गजर वाजवते; तिला दिलेले संदर्भ व्होल्टेज एक टक्क्याने चुकले, तर पहिल्यात ती चूक जेमतेम ०.३ अंशाची होते. दुसऱ्यात ती तीन अंशांची होते, म्हणजे गजर ३० ऐवजी ३३ अंशांनाही वाजू शकतो.

खरा फरक सेलच्या आयुष्यात पडतो. एलएम३५ साधारण ६० मायक्रोअँपिअर घेतो आणि त्याला किमान ४ व्होल्ट लागतात, म्हणून चार पेन्सिल सेल प्रत्येकी १ व्होल्टपर्यंत उतरले तरी तो चालतो. एलएम३३५ मात्र झेनर डायोडसारखा, म्हणजे प्रवाह वाहता असेल तरच ठरावीक व्होल्टेज देणारा असल्याने त्यातून किमान ४०० मायक्रोअँपिअर वाहते ठेवावे लागतात. आणि सेल ४ व्होल्टवर आल्यावरही तेवढा प्रवाह मिळावा म्हणून जोडलेला २.४ किलोओहमचा रेझिस्टर नव्या सेलच्या ६ व्होल्टवर तिप्पट, म्हणजे सव्वा मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. अर्थात, एलएम३५ घेऊन पुढे एलएम३९३ कंपॅरेटर लावला, तर तो एकटाच ४०० मायक्रोअँपिअरच्या घरात खातो आणि सगळी बचत वाया जाते. तिथे सुमारे २० मायक्रोअँपिअरवर चालणारा टीएलसी३७०२ बरा. संदर्भ व्होल्टेजही थेट सेलवरून रेझिस्टरने विभागून घेऊ नये, कारण सेल उतरतील तसा गजर कमी तापमानालाच वाजू लागेल, त्याऐवजी एलएम३८५ ही १.२३५ व्होल्टचे स्थिर व्होल्टेज देणारी चिप लावून त्यावरून ०.३ व्होल्ट काढावेत.

पायांची मांडणीही वेगळी आहे: एलएम३५ चा मधला पाय आउटपुटचा, तर एलएम३३५ चा मधला पाय धन असतो. संगोपनगृहासाठी माझी पसंती एलएम३५ लाच आहे. शून्याखालच्या शीतपेटीसाठी मात्र साध्या जोडणीतला एलएम३५ निरुपयोगी ठरतो. उणे १८ अंशांना सुमारे २.५५ व्होल्ट देणारा एलएम३३५ तिथे कामाचा.