पाकितो डि'रिवेराच्या सॅक्सोफोनमागचा क्युबा

क्युबन सॅक्सोफोनवादक पाकितो डि'रिवेराचं नाव निघालं की लोक लगेच त्याचे ग्रॅमी मोजायला लागतात. मला विचाराल तर ग्रॅमी नंतर बघा, आधी हे बघा की 1980 साली हा माणूस माद्रिदच्या विमानतळावरून आपल्याच बँडला सोडून पळाला, बायको आणि लहान मुलगा तिकडे हवानात, आणि हा बँड, इराकेरे, काही फुटकळ नव्हता, त्याच वर्षी त्याला ग्रॅमी मिळालेलं. मग पळाला का?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. ज्याला आपण लॅटिन जॅझ म्हणतो, म्हणजे क्युबन ताल आणि अमेरिकन जॅझ यांचं मिश्रण, ते घडलं मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये, पण घडवणारे बरेचसे क्युबातले. मारियो बाउसा हा हवानात क्लॅरिनेट शिकलेला गडी 1930 मध्ये न्यूयॉर्कला आला, तिथल्या हार्लेम वस्तीतल्या मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला आणि 1940 मध्ये मेहुण्याबरोबर, म्हणजे माचितोबरोबर, आफ्रो-क्युबन्स नावाचा बँड उभा केला. 1947 मध्ये अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पीने चानो पोसो या क्युबन कोंगावाल्याला (कोंगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल) घेऊन न्यूयॉर्कच्या नामांकित कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला आणि तिथून हे प्रकरण जगभर गेलं. यातली खरी गोम तालात आहे. क्युबन संगीत क्लावे नावाच्या ठेक्यावर चालतं, दोन बारमध्ये (बार म्हणजे तालाचा एक खंड) पाच ठोके, तीन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला. जॅझवाला कितीही उस्ताद असो, त्याची फ्रेज क्लावेच्या उलट बाजूला पडली की क्युबन माणसाला लगेच खटकतं. ज्याच्या अंगात दोन्ही भिनलंय असा सॅक्सवाला म्हणूनच दुर्मिळ.

पाकितोचा जन्म 1948 चा, हवानातला. वडील टिटो रिवेरा क्लासिकल सॅक्सोफोन वाजवायचे, वाद्यंही विकायचे. पोरगा पाचव्या वर्षी छोट्या वाकड्या सोप्रानो सॅक्सवर बसला आणि दहाव्या वर्षी ऑर्केस्ट्रासमोर उभा. घरात अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवाला बेनी गुडमनच्या 1938 च्या कार्नेगी हॉल मैफलीची रेकॉर्ड होती. वडिलांनी कार्नेगी हॉल म्हटलं ते पोराला 'कार्ने ई फ्रिहोल' ऐकू आलं, म्हणजे मटण आणि राजमा :) हा किस्सा तो आजही सांगत फिरतो. पण त्या रेकॉर्डमुळे एक गोष्ट पक्की झाली, मोझार्ट आणि स्विंग (गुडमनच्या काळचं नाचतं जॅझ) ही दोन वेगळी खाती त्याच्या डोक्यात कधी नव्हतीच.

मग 1959 आलं. फिडेल कास्त्रोच्या क्रांतीनंतर अमेरिकेशी बिनसलं आणि जॅझ म्हणजे शत्रूचं, साम्राज्यवाद्यांचं संगीत, अशी हवा झाली. सरसकट बंदी होती असं नाही, पण वाजवणाऱ्याकडे संशयाने बघायचे आणि सॅक्सोफोनसारखं वाद्यसुद्धा त्यातून सुटलं नाही. ज्या घरात बाप सॅक्सोफोन शिकवतोय, विकतोय, त्या घरातल्या मुलावर हे असं. पुढे सैन्याच्या बँडमध्ये सक्तीची नोकरीही झाली. 1967 मध्ये सरकारनेच एक मोठा ऑर्केस्ट्रा काढला, नाव ठेवलं ओर्केस्ता कुबाना दे म्युझिका मोदेर्ना. जॅझ शब्द नावात कुठेच नाही, माणसं मात्र सगळी जॅझची, त्यात पियानोवर चुचो वाल्देस, ट्रम्पेटवर आर्तुरो सान्दोवाल आणि सॅक्सवर पाकितो.

त्याच मंडळींनी 1973 मध्ये इराकेरे काढला. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सगळ्यात डोकेबाज बँडपैकी एक. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या योरुबा धर्मविधीतले बाता ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, नाचायला लावणारी गाणी आणि त्यांच्या पोटात लपवलेलं अस्सल जॅझ. लोक नाचतायत म्हटल्यावर सरकारी साहेब लोक काय बोलणार! पाकितोने तर मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोतला अडाजिओही, म्हणजे संथ भागही, या बँडमध्ये आणला, आणि तो तिथे उपरा वाटत नाही.

1977 च्या मे महिन्यात एक जॅझ क्रूझ जहाज हवानाला लागलं आणि त्यातून डिझी गिलेस्पी, सॅक्सवाला स्टॅन गेट्झ वगैरे उतरले. इतकी वर्षं ज्यांना फक्त रेकॉर्डवर ऐकलं ती माणसं समोर. पुढच्या वर्षी इराकेरे न्यूयॉर्कला गेला, थेट कार्नेगी हॉलला वाजवला, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने रेकॉर्ड काढली आणि 1980 च्या सुरुवातीला तिला ग्रॅमी मिळालं. बाहेर ही वाहवा, घरी मात्र तीच बंधनं. कुठे जायचं, काय वाजवायचं, कोणाशी बोलायचं हे ठरवणारा दुसराच. त्यात त्या एप्रिलमध्ये हजारो माणसं देश सोडण्यासाठी हवानातल्या पेरूच्या वकिलातीत घुसली आणि मग क्युबाच्याच मारिएल बंदरातून बोटी सुटायला लागल्या, काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास लोक बाहेर पडले. इराकेरे तेव्हा दौऱ्यावर, विमान माद्रिदला थांबलं आणि पाकितो सटकला. अमेरिकेत स्थिरावल्यावर त्याच्या दुसऱ्या अल्बमचं नावच 'मारिएल'.

याची किंमत बघा. बायको-मुलाला बाहेर काढायला जवळजवळ नऊ वर्षं गेली. निव्वळ करिअरसाठी संधी साधली असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की हा हिशोब कुठल्या वहीत मांडायचा?

अमेरिकेत डिझीने त्याला जवळ केलं. 1988 मध्ये डिझीने युनायटेड नेशन ऑर्केस्ट्रा काढला त्यात पाकितो होता, सान्दोवालही होता आणि 1990 मध्ये त्याच बँडबरोबर युरोपात असताना सान्दोवालनेही क्युबा सोडला. 1993 मध्ये डिझी गेला आणि बँडची सूत्रं पाकितोकडे आली. त्याचा 'पोर्ट्रेट्स ऑफ क्युबा' (1996) हा अल्बम नक्की ऐका, परत न गेलेल्या गावाची आठवण म्हणजे काय ते कळेल.

पण मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते वेगळंच. चुचोचे वडील बेबो वाल्देस, क्युबन पियानोचे दिग्गज, 1960 मध्ये देश सोडून शेवटी स्टॉकहोममध्ये हॉटेलांत पियानो वाजवत बसले होते, जग त्यांना पार विसरलेलं. 1994 मध्ये पाकितोने त्यांना शोधून 'बेबो राइड्स अगेन' रेकॉर्ड करवून घेतला. तेव्हा बेबो सत्तरी ओलांडलेले. त्यानंतर म्हाताऱ्याचं दुसरं करिअर सुरू झालं आणि ते पुष्कळ चाललं. मुलगा चुचो मात्र क्युबातच राहिला होता.

राजकारणावर पाकितो कधी गप्प बसला नाही. 2005 मध्ये गिटारवाला कार्लोस सांताना क्युबन क्रांतीतला नेता चे गेव्हाराचा टीशर्ट घालून ऑस्करला गेला तेव्हा पाकितोने त्याला खरमरीत जाहीर पत्र लिहिलं. काहींना ते अती वाटलं, मला नाही वाटलं.

आणि चुचो? दोघं एकाच बँडमध्ये वाढलेले, एक गेला, एक राहिला, मध्ये चार दशकं. 2022 मध्ये दोघांनी मिळून अल्बम काढला, 'आय मिस्ड यू टू!'