वनावरणातील बदलांचे उपग्रहीय मापन

एकाच प्रदेशाच्या वेगवेगळ्या काळातील उपग्रह-प्रतिमा ताडून जंगल कोठे घटले, कोठे वाढले व कोठे विरळ झाले याचे नकाशे तयार करण्याची पद्धती. भारतात हे काम मुख्यत्वे डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण (स्थापना १९८१) ही संस्था करते. तिचा वन स्थिती अहवाल साधारणपणे दर दोन वर्षांनी निघतो.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. छद्मरंगी प्रतिमेत डोळ्यांना न दिसणारे हे अवरक्त किरण तांबड्या रंगात दाखवतात, म्हणून तीत दाट जंगल गडद तांबडे दिसते. अवरक्त व तांबड्या परावर्तनाच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की −१ ते +१ यांमधला आकडा येतो. हाच प्रमाणित वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय) होय. त्याचे श्रेय टेक्सासमधील राउज व सहकाऱ्यांना देण्याचा प्रघात आहे. त्यांनी १९७३ च्या सुमारास लँडसॅट-१ या अमेरिकी उपग्रहाच्या प्रतिमांवरून अमेरिकेतील गवताळ मैदानांचा अभ्यास केला. तथापि हेच गुणोत्तर क्रीग्लर व सहकाऱ्यांच्या १९६९ मधील निबंधात आढळते. सूत्रापुरते पाहता क्रीग्लर यांचा अग्रक्रम मान्य करावा लागतो. उपग्रहीय वापराची वाट मात्र राउज यांच्या कामातून रुळली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. टकर यांच्या १९७९ मधील लेखानंतर निर्देशांक सर्वत्र प्रचारात आला.

भारतातील पहिले देशव्यापी उपग्रहीय मापन हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने केले. लँडसॅट प्रतिमांवरून तिने १९७२–७५ या काळासाठी १६.८९ टक्के, तर १९८०–८२ साठी १४.१० टक्के वनावरण काढले. म्हणजे सात-आठ वर्षांत सुमारे ९२ लाख हेक्टर घट. वर्षाला १३ लाख हेक्टर जंगल नाहीसे होते हा लेखांतून व भाषणांतून दीर्घकाळ फिरलेला आकडा येथून आला. वन सर्वेक्षणाच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात मात्र १९८१–८३ च्या प्रतिमांवरून ६,४०,८१९ चौ. किमी., म्हणजे १९.४९ टक्के वनावरण नोंदले गेले. दोन्हींचा काळ जवळपास एकच आणि प्रतिमाही लँडसॅटच्याच. पुढे दोन्ही संस्थांनी एकत्र बसून आकडे जुळवले आणि ते साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास स्थिरावले. विरळ व अवनत जंगल कोठवर जमेस धरायचे, यावर ही तफावत बरीचशी अवलंबून होती असे मानण्यास जागा आहे. तडजोडीनंतरचा आकडा ग्राह्य धरला तर पहिल्या घटीचा दरही तसाच स्वीकारता येत नाही. कारण १९७२–७५ चा आकडा जुन्याच निकषांचा आहे. ही बाब पुष्कळदा नजरेतून सुटते.

अशीच दुसरी उडी १९९९ आणि २००१ या अहवालांत दिसते : ६,३७,२९३ वरून ६,७५,५३८ चौ. किमी. दोन वर्षांत ३८,२४५ चौ. किमी. जंगल उगवले नव्हते. संपूर्ण देशाचे संगणकीय वर्गीकरण २००१ मध्ये प्रथमच झाले, नकाशाचे प्रमाण १ : ५०,००० झाले आणि आधी निसटणारे एक हेक्टरपर्यंतचे तुकडे मोजणीत आले. भारतीय उपग्रहांवरील लिस-३ संवेदकाचा एक चित्रांश (प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन) जमिनीवर २३.५ मीटर लांब-रुंद असल्याने एका हेक्टरात असे सुमारे १८ चित्रांश बसतात. लँडसॅटच्या जुन्या ८० मीटर चित्रांशांचे जेमतेम दीड. बदल मोजायचा तर जुनी प्रतिमाही नव्या निकषांनी पुन्हा वर्गीकृत करावी लागते. नुसत्या छापील आकड्यांची वजाबाकी पुरत नाही.

प्रचलित व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्र आणि १० टक्क्यांहून अधिक छत्रघनता (झाडांच्या माथ्यांनी झाकलेल्या जमिनीचे प्रमाण) असलेली कोणतीही जमीन वनावरणात मोडते, मग मालकी किंवा कायदेशीर दर्जा काहीही असो. ७० टक्क्यांपासून पुढे अतिघन, ४० ते ७० मध्यम घन, १० ते ४० विरळ असे वर्ग आहेत. यामुळे कोकणातील दाट आंबा-काजूच्या बागाही वनावरणात जमा होतात. उलट पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ अशी महसुली नोंद असलेल्या जमिनींवर छत्रघनता १० टक्क्यांखाली असेल, तर त्या या आकड्यात येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या जमिनी वनच असल्याचे म्हटले आहे. हेक्टरापेक्षा लहान देवरायाही स्वतंत्रपणे उमटत नाहीत.

प्रतिमा शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरमधील घेतात. तेव्हा आभाळ निवळलेले असते आणि पानझडी झाडांवर पाने असतात. एप्रिलच्या प्रतिमेत मेळघाटचे सागवन उघडेबोडके दिसून ‘घट’ म्हणून नोंदले जाऊ शकते. मात्र याच महिन्यांत कृष्णाकाठचा उभा ऊस जंगलाइतकाच तांबडा दिसतो, आणि रानात माजलेली घाणेरीही फसवते. उसाचा फड तोडणीनंतरच्या प्रतिमेत रिकामा दिसतो, तेव्हा गफलत उघड होते. सह्याद्रीत आणखी एक अडचण येते. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो, सूर्य आग्नेयेला कललेला असतो आणि वायव्येकडचे उतार सावलीत जातात. अशा उतारांवरील जंगलाचा वर्ग ठरवताना क्षेत्रतपासणीला पर्याय नाही.

देशाचे वनावरण २०२३ च्या अहवालानुसार ७,१५,३४३ चौ. किमी. (२१.७६ टक्के) आहे, २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे ५०,७९८ चौ. किमी. होते. राज्याच्या आकड्यात गडचिरोलीचा वाटा मोठा असून त्या जिल्ह्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनावरणाखाली आहे.

परदेशांपैकी ब्राझीलची पद्धत उल्लेखनीय आहे. तेथील अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून ॲमेझॉनमधील केवळ सफाचट तोड मोजते आणि एकदा तुटलेले क्षेत्र पुन्हा जंगल म्हणून धरत नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या हॅन्सन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ३० मीटर विभेदनाचा (म्हणजे ३० मीटर चित्रांशांचा) जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात पाच मीटरहून उंच झाडी मोजली असल्याने लागवडीची तोडणीही ऱ्हासात धरली जाते. त्याचे आकडे भारतीय अहवालांशी जुळत नाहीत, ते बरेचसे यामुळेच. ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडार प्रतिमांचा वापर वाढत असून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा भारत-अमेरिकेचा उपग्रह दर १२ दिवसांनी तोच प्रदेश टिपण्यासाठी आखला आहे. पावसाळ्यातील तोड नोंदण्यास त्याचा उपयोग होऊ शकेल.