विहिरीतला डास आणि गच्चीवरचा शिडीवाला

पावसाळा आला की आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर महापालिकेचा माणूस येतो, खांद्यावर शिडी, हातात टॉर्च, टाकीत डोकावून बघतो, झाकण नीट बसतंय का ते हलवून बघतो आणि जातो. आमच्या मजल्यावरचे काका दरवेळी कुरकुरतात, "परत आलात का?" या "परत"चं कारण डासाच्या अळीत आहे.

रोनाल्ड रॉसने १८९७ ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला, पण मुंबईत नेमके डास होतात कुठे? मलेरिया म्हटलं की लोकांना दलदल नाहीतर गटार आठवायचं. मुंबईतल्या मलेरियाची कारणं शोधणाऱ्या डॉ. बेंटली यांनी १९११ च्या आपल्या रिपोर्टात बोट दाखवलं थेट विहिरींकडे! मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलिस स्टिफेन्सी या डासाला स्वच्छ पाणी आवडतं, आणि विहार तलावाचं (१८६०) नि तानसा तलावाचं (१८९२) पाणी नळाला आलं तरी लोकांनी विहिरी काही सोडल्या नव्हत्या.

आता विहिरी तपासणाऱ्या तेव्हाच्या इन्स्पेक्टरची खरी पंचाईत बघा. तेलाचा तवंग सोडला की अळीला श्वास घेता येत नाही, ती मरते, पण पूजेच्या, पिण्याच्या पाण्यात तेल ओतू कोण देणार? बुजवायला किंवा झाकायला गेलं तर पारशी आणि हिंदू दोघांचाही विरोध, धर्मकार्याला उघड्या विहिरीचंच पाणी हवं. शेवटी मधला मार्ग म्हणजे पक्कं झाकण आणि त्यात बारीक तारेच्या जाळीची झडप. हे मला फार आवडतं, म्हणजे विज्ञानही राहिलं आणि विहीरही.

पण जाळी फाटते, कुणीतरी झडप उघडीच टाकतं. गरम हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून चक्कर आठवड्याला हवीच, महिन्याला येऊन काय उपयोग. पळीभर पाणी काढायचं, अळी पृष्ठभागाला चिकटून आडवी पडलेली दिसली तर अॅनोफिलिस, डोकं खाली करून तिरकी लटकली असेल तर क्युलेक्स वगैरे दुसरी जात. एवढं ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही, डोळे आणि थोडी सवय बास.

पुढे बऱ्याच विहिरी बंद झाल्या, पण स्टिफेन्सी कुठे गेला नाही, त्याला गच्चीवरची टाकीही चालते. काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पुढच्या आठवड्यात परत येणार?"

हो काका, येणार.