बटण बिगिन हिलला, चित्र मेलबर्नचं

फॉर्म्युला वनची शर्यत मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कमध्ये सुरू असते, आणि कुठलं दृश्य जगाला दाखवायचं हे ठरवणारी बरीचशी मंडळी लंडनजवळ बिगिन हिलला बसलेली असतात. २०२०मध्ये करोनाने प्रवास आखडले आणि ही पद्धत रुळली. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कम्युनिकेशन्सने २०२२मध्ये फॉर्म्युला वनशी करार केला, तेव्हा सांगितलेलं उद्दिष्ट होतं शंभराहून जास्त चित्रप्रवाह २०० मिलिसेकंदांच्या आत पोचवण्याचं.

मैदानावर उरतात कॅमेरे, माइक आणि फोम लावलेल्या पेट्या. त्यांतल्याच एका पेटीत व्हिडिओ राउटर असतो. घरातल्या वायफायच्या राउटरशी याचं नावापुरतंच नातं. हा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरसारखा: कुठलीही आत येणारी तार कुठल्याही बाहेर जाणाऱ्या तारेला जोडतो. वीस तारा आत, वीस बाहेर, म्हणजे ४०० जोडण्यांची शक्यता, आणि तीही जेमतेम पावणेदोन इंच उंचीच्या डब्यात. मागच्या बाजूला बीएनसी सॉकेटांची, म्हणजे व्हिडिओच्या तारा जोडायच्या गोल जोडांची, दाटी. पिन घालून पाव वळसा दिला की बसते, ओढली तरी निसटत नाही.

कार्यक्रमातला कट, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाणं, बहुतेक वेळा मिक्सर नावाच्या चित्रं बदलणाऱ्या यंत्रावर होतो. राउटरचं काम त्याआधीचं. छोट्या कार्यक्रमात कॅमेरे चौदा आणि दूर पाठवायच्या वाटा चारच असल्या, तर कोणती चार चित्रं चढवायची? लांबचा माणूस नेटवर्कवरून हुकूम देतो, राउटर पाळतो. पण लगेच नाही, आणि खरी गंमत इथेच आहे.

फुल एचडीत सेकंदाला ५० फ्रेम धरल्या, तर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. तिच्यात ११२५ ओळी असतात, पडद्यावर दिसतात १०८०. उरलेल्या ४५ ओळी म्हणजे दोन चित्रांमधली फट, सुमारे ०.८ मिलिसेकंदाची. चित्र बदलायचं ते याच फटीत, ठरलेल्या सातव्या ओळीवर. भलत्या क्षणी बदललं तर चित्र झटका खातं किंवा क्षणभर फाटतं. मेलबर्न ते लंडन सुमारे १७,००० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सरळ रेषेतही एका बाजूचे ८५ मिलिसेकंद. तिथून ०.८ मिलिसेकंदाची फट कोण नेमकी साधणार? म्हणून नेमकेपणा मैदानावरच ठेवतात. हुकूम केव्हाही येवो, राउटर पुढची फट येईपर्यंत थांबतो.

आता फट सगळ्या कॅमेऱ्यांची एकाच वेळी यायला हवी ना? त्यासाठी जेनलॉक. ताशाच्या ठेक्यावर सगळे ढोल पडावेत, तसा एकच संदर्भ सिग्नल प्रत्येक कॅमेऱ्याला दिलेला असतो. जो कॅमेरा तो घेत नाही, त्याचं चित्र फ्रेम सिंक्रोनायझरमध्ये थोडं अडवून बाकीच्यांच्या रांगेत आणतात. त्यात फ्रेमभर उशीर होऊ शकतो. तो जमेस धरला नाही, तर ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

एवढं सगळं जुळूनही दूरच्या माणसाला समोर दिसतात ती बटणांवरची नावं: कॅम १, कॅम २. मागे तारांची अदलाबदल झाली असेल तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणून कार्यक्रमाआधी मैदानावरचं कुणीतरी एकेका लेन्ससमोर जाऊन हात हलवतं, आणि हेडसेटवर आवाज येतो, "तीन दिसला, पुढचा."